‘१० गिगाबिट स्पीड’ वाचलं की आधी विचारा: पॅकेट केवढं?

संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर गड्डा यात्रा भरते. भज्यांचे पैसे यूपीआयने द्यायला जावं, तर रेंज फुल आणि चक्र फिरतंच राहतं! गर्दीत टॉवरवर ताण येतोच. पण टॉवरच्या मागेही बरंच काही चालतं आणि माझं काम तिथलं आहे.

पूर्वी राउटर, फायरवॉल म्हणजे खास बनवलेले डबे असायचे. आता तेच काम साध्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये सॉफ्टवेअर करतं. ते घेण्याआधी टेस्ट होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असाच एक रिपोर्ट ‘१० गिगाबिट, पास’ वाचून ओके केला. ट्रायलमध्ये व्हॉइस कॉल तुटायला लागले. टेस्ट फक्त १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटवर केलेली होती, आणि मी ते बघितलंच नव्हतं.

आता हिशोब बघा. १० गिगाबिटच्या लाइनवर १५१८ बाइटची पॅकेट सेकंदाला साधारण ८ लाख १२ हजार बसतात. ६४ बाइटची मात्र जवळपास १ कोटी ४८ लाख! म्हणजे एका पॅकेटसाठी प्रोसेसरला फक्त ६७ नॅनोसेकंद मिळतात. गेटवरचा माणूस गाड्या मोजतो, प्रवासी नाही. ५० जण एका एसटीतून आले तर एक नोंद, ५० दुचाकींवरून आले तर ५०. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. व्हॉइस कॉलची पॅकेट छोटी असतात, म्हणून आमचं गाडं तिथेच अडलं.

आता मी रिपोर्टमध्ये चार गोष्टी बघतो:

१. ६४ ते १५१८ बाइट, सगळ्या साइजवर टेस्ट झाली का? १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये ही पद्धत दिलेली आहे.
२. एकही पॅकेट न हरवता मिळालेला हा वेग आहे का?
३. उशीर फक्त सरासरी दिलाय का? सरासरीत सगळ्यात रखडलेली पॅकेट लपून जातात.
४. त्याच सर्व्हरवर दुसरी व्हर्च्युअल मशीन चालू होती का? रिकाम्या सर्व्हरवर कोणीही पळतं.

तुमच्या फोनलाही हेच लागू आहे. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा मुख्यतः डाउनलोडचा असतो. कॉल किंवा गेमसाठी पिंग बघा, आणि टेस्ट एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला करा. दोन आकड्यांतला फरकच तुम्हाला खरं काय ते सांगेल.