‘मॉर्गेज’मध्ये मृत कोण?

घरासाठी कर्ज काढताना ज्या ‘मॉर्गेज’च्या कागदांवर सह्या होतात, त्या शब्दाच्या पोटात मरण दडलेले आहे. त्यातला ‘मॉर्ट’ म्हणजे मृत, हा लॅटिन ‘मोर्तुउस’वरून जुन्या फ्रेंचमध्ये आला, ‘गेज’ म्हणजे तारण, पण त्याचे मूळ जर्मानिक असून मध्ययुगीन लॅटिनने त्याला ‘वादियुम’ असे आपले रूप दिले होते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या कायद्याच्या व्यवहारात हळूहळू फ्रेंच रुळली आणि तिच्यासोबत हा जोडशब्दही रुळला.

तारण मृत का, याचा सर्वांत जुना खुलासा ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ११८७ ते ११८९ च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात सापडतो. त्या काळी गहाण जमिनीचा ताबा सावकाराकडे जाई. तिच्या उत्पन्नातून मुद्दल फिटत गेले तर ते गहाण ‘जिवंत’, आणि सावकार पीक खात राहिला तरी कर्जातून एक छदामही वजा होत नसेल, तर ते ‘मृत’. अशा गहाणाला राजाच्या न्यायालयात मनाई नव्हती, तरी ते व्याजखोरीतच मोडे, आणि व्याज घेणे हे तर चर्चच्या दृष्टीने पाप होते.

पंधराव्या शतकातील न्यायाधीश थॉमस लिटलटन याने मात्र वेगळाच खुलासा केला: ठरल्या दिवशी पैसे न फेडल्यास जमीन ऋणकोला कायमची मेली, आणि फेडल्यास ती धनकोला मेली. सर एडवर्ड कोक याने १६२८ मध्ये लिटलटनवर भाष्य लिहिल्यामुळे हाच खुलासा सर्वतोमुखी झाला. तथापि ग्लॅनव्हिलचा खुलासा शब्दाच्या जन्मकाळाच्या अधिक जवळचा असल्याने तोच ग्राह्य वाटतो. लिटलटनने शब्दाच्या उगमापेक्षा आपल्या काळचा व्यवहार सांगितला, आणि तो व्यवहार फार निर्दय होता, कारण एका दिवसाच्या उशिरानेही पिढीजात जमीन हातची जाई. सतराव्या शतकात चॅन्सरी न्यायालयाने मुदत उलटल्यावरही रक्कम भरून जमीन सोडवण्याचा ऋणकोचा हक्क पक्का केला, तेव्हा कुठे हा जाच आटोक्यात आला.

भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात या साऱ्या इतिहासाचे थर दिसतात. त्याच्या कलम ५८ मधील शर्तीच्या विक्रीचे गहाण, ज्याच्याशी आपल्याकडची ‘मुदतखरेदी’ जुळते, ते लिटलटनच्या वर्णनाची आठवण करून देते. ज्यात सावकार ताबा घेऊन उत्पन्न खातो ते कब्जेगहाण ग्लॅनव्हिलच्या काळाशी नाते सांगते. आणि गहाण सोडवण्याचा ऋणकोचा हक्क कलम ६० मध्ये दिलेला आहे.