वारशाने आलेली अट आणि अडलेला बॅकअप

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक टेबल दुसऱ्याचा वारस असू शकते. ‘कर्मचारी’ हे पेरेंट टेबल असेल, तर ‘प्रशिक्षणार्थी’ हे चाइल्ड टेबल त्याचे सगळे रकाने घेते आणि वर स्वतःचे दोन-चार जोडते. अटींचा वारसा मात्र सरसकट नाही. रकाना रिकामा नसावा ही ‘नॉट नल’ अट आणि मूल्य तपासणारी ‘चेक’ अट खाली उतरते. प्रायमरी की, युनिक आणि फॉरेन की उतरत नाहीत.

घोटाळा होतो तो बहुधा नॉट नलपाशी. कर्मचाऱ्यांच्या टेबलात भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक सक्तीचा आहे. प्रशिक्षणार्थींचे असे खाते नाही, म्हणून कुणीतरी त्यांच्या टेबलापुरती सक्ती काढून टाकली. १७व्या आवृत्तीपर्यंत पोस्टग्रेसने हे निमूट चालवून घेतले. पीजी-डंप बॅकअपही विनातक्रार घेतो. पण त्या फायलीत हे टेबल कर्मचारी टेबलाचा वारस आहे एवढेच नोंदले जाते, सक्ती काढल्याचे नाही. नव्या सर्व्हरवर टेबल उभे राहताच सक्ती परत येते. मग एक जरी खातेक्रमांक रिकामा निघाला, तरी त्या टेबलाची एकही ओळ आत जात नाही. बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश इथे काहीच सिद्ध करत नाही.

मूळ सर्व्हर चालू असेल तर उपाय सोपा: पेरेंटमधली सक्ती काढावी किंवा चाइल्डमधले रिकामे रकाने भरून ती पुन्हा लावावी. विसंगती कुठे आहे ते सिस्टम कॅटलॉगमध्ये दोन्ही टेबलांचे रकाने ताडून पाहिले की कळते. हाती फक्त बॅकअप उरला असेल आणि तो कस्टम फॉरमॅटमध्ये असेल, तर पीजी-रिस्टोअर तीन टप्प्यांत चालवावे. आधी रचना, मग चाइल्डवरची सक्ती काढून डेटा, शेवटी इंडेक्स आणि फॉरेन की. मूळ विसंगती मात्र त्यानंतरही तशीच राहते आणि पुढच्या रिस्टोअरला पुन्हा आडवी येते. २०२५च्या १८व्या आवृत्तीपासून वारशाने आलेली नॉट नल अट चाइल्डमधून काढताच येत नाही.

फक्त चाइल्ड टेबलाचा बॅकअप घेतला तर रिस्टोअर पहिल्याच पायरीवर अडते, कारण पेरेंट जागेवर नसते. दोन्ही सोबत घ्यावीत. चेक अट फंक्शनमार्फत दुसऱ्या टेबलात डोकावत असेल, तर ते टेबल भरण्याआधीच तपासणी होऊन नापास होऊ शकते. अशी तपासणी ट्रिगरकडे सोपवावी. पूर्ण रिस्टोअरमध्ये ट्रिगर डेटा भरून झाल्यावरच बसवले जातात.