खानदेशातील भूजल व्यवस्थापन : तापीचा गाळप्रदेश आणि दख्खनचा पाषाण

प्रस्तावना

खानदेशातील पाणीप्रश्नाची चर्चा बहुधा धरणांभोवती फिरते. गिरणा, हतनूर, अनेर, अक्कलपाडा ही नावे वृत्तपत्रांतून आणि सभांमधून सतत ऐकू येतात. प्रत्यक्षात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बागायतीचा फार मोठा भार विहिरी आणि कूपनलिका यांच्यावर आहे. धरणातील साठा डोळ्यांना दिसतो आणि त्याची टक्केवारी प्रसिद्ध होते. भूजलाचा साठा दिसत नाही, त्यामुळे तो पुरत असेपर्यंत त्याविषयी कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात या अदृश्य साठ्याचे भूशास्त्रीय स्वरूप आणि त्याच्या व्यवस्थापनाचे खानदेशात झालेले प्रयत्न यांचे विवेचन केले आहे. एकाच प्रदेशात दोन भिन्न प्रकारचे भूजल नांदते आणि ही भिन्नता ध्यानात न घेता केलेली उपाययोजना एका ठिकाणी यशस्वी, तर दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरते, हा या विवेचनाचा मुख्य धागा आहे.

दोन खडक, दोन साठे

तापी नदी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहते. भूस्तर खचल्याने निर्माण झालेली ही दरी कालांतराने गाळाने भरत गेली. वाळू, गोटे, पिवळी माती आणि चिकणमाती यांचे एकावर एक थर साचून काही ठिकाणी गाळाची जाडी शेकडो फुटांपर्यंत पोहोचली आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांचा तापीकाठचा भाग या गाळप्रदेशात मोडतो. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा एक सच्छिद्र पट्टा आहे. भूशास्त्रात त्यास बझाडा पट्टा म्हणतात. सुकी, मोर यांसारख्या डोंगरातून येणाऱ्या नद्यांचे बरेचसे पाणी या पट्ट्यात मुरते आणि गाळप्रदेशातील खोल थरांचे पोषण करते. तापीच्या दक्षिणेस मात्र चित्र पालटते. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या भागांत दख्खनचा बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या फटींमध्ये. नंदुरबार-धुळे भागात तर दोनशेहून अधिक डाइक नोंदले गेले आहेत. भेगांमध्ये घुसून थिजलेल्या लाव्हाच्या या उभ्या भिंती सामान्यतः पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. अशी भिंत भूजलाचा प्रवाह अडवते, तर फुटलेली, तडकलेली भिंत त्यास वाट करून देते. बांधाच्या एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी हे दृश्य धुळे जिल्ह्यात नवल नाही. त्याचे श्रेय किंवा दोष पाणाड्याला दिला जातो. कारण पुष्कळदा जमिनीखालच्या या भिंतीत असते.

या दोन खडकांतील फरक एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये सुचविलेल्या मानकांनुसार झिजलेल्या बेसाल्टचे विशिष्ट उत्पादन सुमारे २ टक्के, तर गाळयुक्त मृदेचे सुमारे १० टक्के धरले जाते. विशिष्ट उत्पादन म्हणजे पूर्ण भिजलेल्या थरातून गुरुत्वाने निथळून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण. एक हेक्टर क्षेत्रातील पाणीपातळी एक मीटरने खाली गेली, तर बेसाल्टमधून जेमतेम २ लाख लिटर पाणी मिळते. तेवढ्याच घसरणीतून गाळप्रदेशात सुमारे १० लाख लिटर पाणी मिळते. याचा दुसरा अर्थ असा की, बेसाल्टमधील विहीर चांगल्या पावसाने काही आठवड्यांत काठोकाठ भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ गाठते. तेथील शेतकऱ्याला आपल्या उपशाचा परिणाम त्याच वर्षी भोगावा लागतो. गाळप्रदेशातील शेतकऱ्याच्या पायाखाली मात्र मोठी ठेव आहे. ती वर्षाला एक-दोन मीटरने खालावली तरी पिकाला पाणी मिळत राहते, आणि एका पिढीनंतर विहिरी कोरड्या पडून शेकडो फूट खोल बोअर घ्यावे लागतात.

या संदर्भात प्रशांत महासागरातील लहान बेटांची स्थिती उद्बोधक आहे. किरिबाती या राष्ट्रातील तारावा हे प्रवाळ बेट इतके अरुंद आहे की, तेथील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या भिंगासारख्या थराच्या रूपात साठते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर समुद्रसपाटीखाली त्या थराची जाडी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे चाळीस मीटर भरते; म्हणजे पातळी थोडी घसरली तरी खालून खारे पाणी वेगाने वर सरकते. म्हणून तेथे खोल विहिरी न घेता आडवे, उथळ चर काढून पाणी विस्तृत क्षेत्रातून हळूहळू घेतले जाते, आणि बोनरिकी येथील भूजलाचे क्षेत्र राखीव ठेवण्यात आले आहे. जास्त उपशाची सूचना तेथे पाण्याच्या चवीतून मिळते. खानदेशातील गाळप्रदेशात अशी चव बदलत नाही. तेथे सूचना मिळते ती बोअरच्या वाढत्या खोलीतून आणि कर्जाच्या वाढत्या आकड्यातून, म्हणजे पुष्कळ उशिरा.

केळी आणि विजेचे देयक

रावेर-यावलचे नाव केळीशी जोडलेले आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वर्षभर पाणी मागणारे हे पीक एकेकाळी विहिरींवर आणि पाटाच्या पाण्यावर पोसले जात असे. विहिरी आटल्यावर कूपनलिका आल्या, आणि शासकीय भूजल मूल्यांकनात हे दोन तालुके अतिशोषित गटात नोंदले गेले. वार्षिक पुनर्भरणापेक्षा उपसा अधिक, म्हणजे १०० टक्क्यांच्या वर असल्यास त्या क्षेत्रास अतिशोषित म्हणतात.

ठिबक सिंचनामुळे हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. ठिबकचा प्रसार जळगावातूनच देशभर झाला, ही खानदेशासाठी अभिमानाची बाब आहे, आणि ठिबकने दर झाडामागे लागणारे पाणी निश्चितच वाचते. परंतु वाचलेले पाणी भूगर्भात शिल्लक राहत नाही. ज्या बोअरवर दोन एकर केळी होत असे, त्यावर चार एकर केळी होऊ लागते. शिवाय, मोकळ्या पाटाने दिलेल्या पाण्याचा काही अंश पुन्हा जमिनीत मुरत असे, तोही थांबतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वागणे पूर्णतः शहाणपणाचे आहे. उत्पन्न वाढविण्याची संधी त्याने का सोडावी? दोष शेतकऱ्याला देण्यापेक्षा विजेच्या देयकाकडे पाहणे अधिक योग्य ठरेल. कृषिपंपांना बहुतांशी अश्वशक्तीवर आधारित दराने वीज दिली गेली. त्यानंतर २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. अशा स्थितीत एक तास अधिक पंप चालविण्याचा खर्च शून्य असतो. पाणी जपण्याचे आवाहन आणि शून्य खर्चाचा पंप ही दोन धोरणे एकाच शेतात एकत्र नांदू शकत नाहीत.

शिरपूरचा प्रयोग

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ पासून राबविलेला जलसंधारणाचा प्रयोग 'शिरपूर पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी त्याची आखणी केली, तर आमदार अमरीशभाई पटेल यांनी त्यास पाठबळ दिले. प्रयोगामागील तर्क भूशास्त्रीय होता. शिरपूरच्या गाळप्रदेशात पिवळ्या मातीचे जाड, अपारगम्य थर पावसाचे पाणी खाली जाऊ देत नाहीत; त्याखालील वाळू-गोट्यांचे थर मात्र कोरडे आणि पाणी घेण्यास उत्सुक असतात. म्हणून नाले रुंद आणि खोल करून हे झाकण फोडण्यात आले, त्यावर ठराविक अंतराने दरवाजे नसलेले सिमेंट बंधारे बांधले गेले, आणि करवंद धरणाचे जादा पाणी गाळ बसवून कोरड्या विहिरींमध्ये सोडण्यात आले. कोरडी विहीर म्हणजे खोल थरापर्यंत जाणारी आयती नळी, हा विचार साधा आणि मोलाचा होता.

यशाची कथा पसरताना तिच्यामागचा तर्क मात्र मागे राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण हे काम बेसाल्टच्या प्रदेशातही मोठ्या प्रमाणात केले गेले. बेसाल्टमध्ये पाणी मुरमाच्या उथळ थरात असते. नाल्याचा तळ या थराच्या खाली गेला की, शेजारच्या विहिरींचे पाणी नाल्याकडे निथळू लागते. साठवण वाढल्याचे दिसते, पण ते शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणीच असते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मूळ प्रयोगाची आणखी एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. पुनर्भरणाने वाढलेले पाणी कोणी, किती उपसावे याचा नियम त्यात नाही.

फडाची शिकवण

असा नियम खानदेशाला अपरिचित नव्हता. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील फड पद्धती काही शतके टिकली, ती बंधाऱ्याच्या दगडांमुळे जितकी, तितकीच पाणीवाटपाच्या शिस्तीमुळे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार हे सामूहिकरीत्या ठरावयाचे, पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडावयाचे नाही. टंचाईच्या वर्षी काही फड पडीक ठेवले जात आणि तोटा सर्वांमध्ये वाटला जाई. नदीच्या वरच्या भागात धरणे झाली, प्रवाह घटला, आणि ज्याच्या शेतात विहीर त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. वैयक्तिक विहिरीने फडाचे सामूहिक बंधन सैल केले. विशेष म्हणजे, या विहिरींना पाझराचे पाणी मिळत होते ते बऱ्याच अंशी फडाच्या कालव्यांतूनच. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने याच जातीचे सामूहिक बंधन जंगलाच्या रूपाने नव्याने उभारले. चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः पाळली, आणि वनाबरोबर पाणीही टिकवले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कायदा आणि त्याची पोहोच

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या परंपरेनुसार जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे मानले जाते. महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटर परिसरात नवी विहीर घेण्यास बंधन घातले. त्यापुढील महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अमलात आला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, तसेच पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची तरतूद आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्यासमोर हा आकडा ठेवल्यास तो हसेल, कारण त्याच्या शिवारात पाणी त्याहून खाली गेले आहे. बेसाल्टसाठी ६० मीटरची मर्यादा अर्थपूर्ण आहे. गाळप्रदेशासाठी खोलीपेक्षा उपशाचे प्रमाण ठरविणे अधिक प्रस्तुत ठरते. एकाच राज्याच्या कायद्यात एकच आकडा असण्याची ही अडचण आहे.

अटल भूजल योजनेत २०२० पासून जळगावसह राज्यातील १३ जिल्ह्यांचा समावेश झाला. गावाने स्वतः पर्जन्य, पाणीपातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावा, ही तिची मध्यवर्ती कल्पना आहे. येथे महाविद्यालयांना वाव आहे. भूगोल विभागांचे प्रकल्प बहुधा प्रश्नावलीवर थांबतात, तर विद्यार्थ्याच्या घरच्या विहिरीला लावण्याचा टेप काही रुपयांत मिळतो. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत शासकीय यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. त्याच महिन्यांत शंभर विद्यार्थ्यांनी शंभर विहिरी मोजल्या, तर पाच वर्षांत तालुक्याचा विश्वसनीय नकाशा तयार होईल.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. त्यात ३१.१३ अब्ज घनफूट पाण्याचा विचार असून, तापीचे पुराचे पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात मुरविण्याची कल्पना आहे. भूशास्त्रीयदृष्ट्या जागेची निवड अचूक आहे, कारण रावेर-यावलच्या खोल थरांचे नैसर्गिक प्रवेशद्वार तेथेच आहे. करारात दोन राज्यांचे वाटे ठरले आहेत. पायथ्याशी मुरलेले पाणी उताराने तापीकडे सरकत जाताना पहिल्या गावच्या बोअरने किती घ्यावे आणि शेवटच्या गावासाठी किती सोडावे, हे ठरविणारा पाटकरी मात्र गावांनाच नेमावा लागेल, आणि तो कालवा वाहू लागण्यापूर्वी नेमावा लागेल.