राखणदार : लेखांक ७
गुरं राखणाऱ्यांनी राखलेलं रान

मागच्या लेखांकात आपण सह्याद्रीतली जुनी वाटणी पाहिली. खोऱ्यात कुणबी आणि त्याची भातखाचरं, वर माथ्यावर गवळी धनगर आणि त्याच्या म्हशी. लोणी-तूप खाली यायचं, धान्य वर जायचं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली ही व्यवस्था शास्त्रीय निबंधात मांडली, तोवर तिच्याकडे व्यवस्था म्हणून फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. गुरं चारणारा म्हणजे डोंगर बोडका करणारा, असा सरळ हिशोब सरकारदरबारी होता आणि शहरातल्या निसर्गप्रेमींच्या मनातही होता. अजूनही आहे.

म्हणून आज एक प्रश्न घेऊ. ज्यांची गुरं त्या रानात चरतात, त्यांनीच एकत्र येऊन रान राखायची संस्था काढली आणि ती टिकवली, असं कुठे घडलं आहे का? घडलं आहे. मला ठाऊक असलेलं सगळ्यांत भक्कम उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून सुमारे आठ लाख एकरांचा कोरडा गवताळ मुलूख पसरलेला आहे. निम्म्याहून थोडी अधिक जमीन खासगी, बाकीची सरकारी. तिथल्या पशुपालकांच्या संस्थेचं नाव मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप.

सुरुवात वणव्यावरून झाली. १९९१ साली तिथे एका रानात आग लागली. जमीनवाल्यांचं म्हणणं, जळू द्या. ही आग गवताच्या भल्याची आहे. सरकारी वनखात्याने ती विझवली. आपल्या जमिनीवर काय व्हावं हे आपल्याला न विचारता ठरतं, हा राग जुना होता. त्या आगीने तो वर आला.

रागावून मोर्चा काढता आला असता. पण डग्लस गावाच्या पूर्वेला वॉर्नर आणि वेंडी ग्लेन या नवरा-बायकोचं मालपाई नावाचं रँच होतं, तिथे बैठका सुरू झाल्या. बोलावलं कुणाला? शेजारच्या पशुपालकांना तर बोलावलंच, शिवाय ज्यांच्याशी उभं वैर समजलं जायचं त्या पर्यावरणवाल्यांनाही. तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेत ‘सरकारी जमिनीवरून गुरं हटवा’ अशी मोहीम जोरात होती. तरी पर्यावरणवाले आणि गुरांवर पोट असणारे एका टेबलाशी बसले. मला या सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

तिथे आलेल्यांत रे टर्नर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचं काम साधं आणि बिनतोड. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी एखाद्या टेकडीचा फोटो काढला असेल, तर त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. जुन्या फोटोत गवत, नव्यात काटेरी झुडपं. पशुपालकांनी ते पाहिलं आणि पर्यावरणवाल्यांनीही पाहिलं. झुडपं माजायला अतिचराई जशी कारण होती, तशी वर्षानुवर्षं आग दाबून ठेवणं हेही कारण होतं. दोष दोन्हीकडे होता, त्यामुळे कुणाला मान खाली घालावी लागली नाही. १९९४ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

माणसं कोण होती ते पाहण्यासारखं आहे. पाच पिढ्यांचं रँच सांभाळणारे बिल मॅकडॉनल्ड या संस्थेचे पुढारी. दोन्ही टोकं सोडून मधल्या वाटेने जाणं हाच खरा जहालपणा, ही त्यांची भूमिका. १९९८ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विद्वानांना आणि कलावंतांना दिला जाणारा हा सन्मान एका गुरंवाल्याला मिळाला. दुसरे ड्रम हॅडली. घराणं मद्य बनवणाऱ्या बड्या कंपनीचं. स्वतः कवी आणि पशुपालक. तिथलं ग्रे रँच नावाचं सुमारे सव्वातीन लाख एकरांचं रान ‘नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने १९९० साली विकत घेतलं होतं. पुढे हॅडली कुटुंबाच्या ॲनिमास फाउंडेशनने ते घेतलं, तुकडे न पाडण्याच्या अटीवर. हे मोकळेपणाने सांगायला हवं: या कामामागे पैसा होता, ओळखी होत्या. नुसत्या सदिच्छेवर आठ लाख एकर राखले जात नाहीत.

त्या ग्रे रँचवर त्यांनी जी युक्ती काढली, ती मला फार मोलाची वाटते. तिला गवताची पेढी म्हणू. दुष्काळात ज्याच्या रानात चारा उरला नाही, त्याने आपली गुरं ग्रे रँचवर न्यायची. अडल्या वेळी शेजाऱ्याकडून बियाणं उचलावं, तसं हे. फेड पैशांत नाही. जेवढ्या किमतीचा चारा घेतला, तेवढ्या किमतीचा हक्क सोडायचा: आपल्या जमिनीचे प्लॉट पाडून घरांसाठी विकण्याचा हक्क, आणि तोही कायमचा. जमीन मालकाचीच राहते, गुरं त्याचीच चरतात, वारसाहक्काने जमीन पोरांकडे जाते. फक्त तिचं लेआउट होत नाही. इकडे मालकाचं स्वतःचं रान विसावा घेतं आणि गवत पुन्हा धरतं. महाबळेश्वरापासून महामार्गापर्यंत डोंगरउतारांवर प्लॉटिंगच्या पाट्या बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा व्यवहार समजायला जड जाऊ नये. सातबाऱ्यावरचं नाव न बदलता डोंगर वाचवायची ही तऱ्हा आहे.

झुडपं हटवून गवत परत आणण्यासाठी आग लावणं मात्र सोपं गेलं नाही. ठरवून, सीमा आखून लावलेली आग म्हणजे परवानग्यांचा डोंगर. त्या रानात एक दुर्मीळ रॅटलस्नेक जातीचा साप होता, वटवाघळांना मकरंद देणारे घायपाताच्या जातीचे रानटी खुंट होते. त्यांचं काय होईल याचा अभ्यास झाल्याशिवाय काडी ओढता येईना. संस्थेने शास्त्रज्ञ बसवले, मोजण्या केल्या, आणि १९९५ साली बेकर कॅन्यनमध्ये पहिली मोठी नियोजित आग लावली.

आता दोन प्रसंग जरा जवळून पाहू.

१९९४चा दुष्काळ. मॅगॉफिन कुटुंबाच्या रँचवर गुरांसाठी बांधलेलं एक तळं होतं. त्यात एका दुर्मीळ जातीचे बेडूक तग धरून होते. तळं आटलं. कायद्याने बेडकांसाठी काही करायला कुणी त्यांना भाग पाडलं नव्हतं. तरी त्यांनी आठवड्याला हजार गॅलन, म्हणजे जवळपास चार हजार लिटर पाणी गाडीने वाहून आणलं आणि त्या बेडकांसाठी ओतलं. गुरांच्या पाण्याचीच मारामार असताना हे केलं. कोकणात वैशाखात विहिरीचा तळ दिसल्यावर ज्याने टँकरची वाट पाहिली आहे, त्याला त्या चार हजार लिटरची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

दुसरा प्रसंग ७ मार्च १९९६चा. वॉर्नर ग्लेन कुत्री घेऊन पेलॉन्सिलो डोंगरात डोंगरसिंहाच्या, म्हणजे प्यूमाच्या शिकारीला निघाले होते. कुत्र्यांनी काहीतरी कोंडलं. खेचरावरून वर चढून पाहतात, तर खडकावर जॅग्वार. अमेरिकेतून संपल्यात जमा धरलेलं जनावर. ग्लेन यांनी कॅमेरा काढला. रानातल्या जिवंत जॅग्वारचे अमेरिकेत काढलेले ते पहिले फोटो. फोटो घेऊन त्यांनी कुत्री मागे बोलावली आणि जॅग्वारला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. खरा कस पुढे होता. ही बातमी बाहेर फुटली तर कडक नियम येतील, चराई बंद होईल, ही भीती शेजाऱ्यांना होती आणि ती खोटी नव्हती. तरी ग्लेन यांनी फोटो जाहीर केले, आणि जॅग्वारने गुरंढोरं मारली तर मालकाला भरपाई मिळावी म्हणून संस्थेने निधी उभा केला.

टीकाही झाली. एवढ्या कोरड्या मुलखात गुरं असावीतच का, असं विचारणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याला तोंड देणारं उत्तर मला पटतं: गुरंवाला उठला की त्याच्या जागी रान येत नाही, बंगले येतात.

यातलं आपल्या पोलादपूर-महाबळेश्वरमधल्या आंबेनळी घाटाला काय लागू पडतं? आग तर मुळीच नाही. तिथलं कोरडं गवत विजेच्या आगीबरोबर वाढलेलं. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात पोलादपूरच्या उतारांवर दरवर्षी पेटणारे वणवे माणसाने लावलेले असतात. त्यांत कोवळी रोपं जातात आणि मोकळ्या झालेल्या जागी रानमोडी नि घाणेरी घुसते. गुरांना दोन्हींचा उपयोग नाही. जमिनीची मालकीही वेगळी. तिथला पशुपालक हजारो एकरांचा धनी. इथल्या धनगरवाड्याखालची जमीन बरेचदा वनखात्याची नाहीतर दुसऱ्या कुणाची. रायगडावरची हिरकणी आपण अभिमानाने सांगतो; पण दूध घेऊन गड चढणाऱ्या त्या गवळणीची गुरं कुठे चरत होती, ते रान कुणाचं, हा प्रश्न गोष्टीत येत नाही.

कायद्यात मात्र जागा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या चराईचा हक्क आहे, आणि सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करण्याचाही हक्क आहे. अडचण पुराव्याची. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ऋतूप्रमाणे जागा बदलत आलेल्या माणसाने ७५ वर्षांचा कागद आणायचा कुठून? इथे ग्रामसभेने पुढे व्हायला हवं. वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून कायद्याला चालतात. ते नीट लिहून घेणं हे गावात बसून होण्यासारखं काम आहे.

आणि निकडही आहे. २२ जुलै २०२१च्या पावसात महाडचं तळिये, पोलादपुरातलं साखर-सुतारवाडी आणि केवनाळे दरडींखाली गेलं. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. डोंगराला भेग पडली, झरा गढूळ झाला, तर ते आधी कळतं रोज तिथे गुरं घेऊन जाणाऱ्याला. डोंगराविषयीच्या बैठका तालुक्याला होतात. त्यातली एखादी वर धनगरवाड्यावर, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत व्हावी, आणि तहसीलदार, वनपाल, भूगर्भशास्त्रज्ञ यांनी तिथे पाहुणे म्हणून जावं. ग्लेन यांच्या घरी झालं ते याहून फार वेगळं नव्हतं.

पुढच्या लेखांकात हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने चराईबंदी पाळली. गुरं बंद करून गवत वाढवणं आणि गुरांसकट रान राखणं, या दोन वाटांची तुलना तिथे करू.