जुन्या मालमोटारीचें थंड हवेचें यंत्र : बिघाड व दुरुस्ती

२०२५ सालापासून तयार होणाऱ्या, एकूण भार साडेतीन टनांहून अधिक असलेल्या मालमोटारींच्या केबिनींत थंड हवेचें यंत्र असलेंच पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम झाला आहे. परंतु आपणां शेतकऱ्यांच्या दारांत उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक त्यापूर्वीच्या. त्यांपैकीं कांहींत हें यंत्र मूळचेंच आहे, कांहींत मागाहून बसविलेलें. आणि वैशाखांत, म्हणजे नेमकें गरज असतां, तें गरम हवा फेंकूं लागतें. मग गाडी गॅरेजांत जाते, "गॅस संपला" असें निदान होतें, गॅस भरला जातो, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां तोच प्रकार. प्रस्तुत लेखकानें निफाडाकडून वाशीस द्राक्षें नेणाऱ्या आपल्या पिक-अपवर ओळीनें तीन उन्हाळे हा खर्च केला आहे. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार त्यास पैसे मोजूनच मिळाला आहे.

पहिली गोष्ट ही कीं, हा गॅस डिझेलप्रमाणें जळून खर्च होत नाहीं. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्यास दाबतो. दाबानें तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढील कंडेन्सरमध्यें वाऱ्यानें निवतो व त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळला जाऊन एक्स्पान्शन व्हाल्व्हच्या बारीक छिद्रांतून डॅशबोर्डाखालच्या कूलिंग कॉइलमध्यें सुटतो. तेथें दाब एकाएकीं उतरल्यामुळें तो उकळतो, आणि उकळण्यास लागणारी उष्णता केबिनींतील हवेंतून ओढून घेतो. माठाचें पाणी पाझरून वाळतांना आंतलें पाणी गार होतें, तोच हा न्याय. फरक इतकाच कीं, माठांतलें पाणी उडून जातें व येथें तोच गॅस कॉम्प्रेसरकडे परत येतो. रबरी नळ्यांतून वर्षांनुवर्षें थोडा पाझर होतो हें खरें. पण एका वर्षांत गारवा नाहींसा झाला तर तो पाझर नव्हे, गळती होय. आणि ती बंद केल्यावांचून गॅस भरणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें.

तथापि प्रत्येक बिघाड गॅसचा नसतो. इंजिन चालू करून एसीची कळ दाबावी व बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे पहावें. त्याची पुली नेहमींच फिरते. कळ दाबतांच पुढची चकती टक् आवाज करून तिजबरोबर फिरूं लागली पाहिजे. न फिरल्यास आधीं फ्यूज, रिले व तारांचे सांधे तपासावेत. हे ठीक असूनहि चकती चिकटत नसेल, तर गॅस फार कमी असल्यामुळें दाबाच्या स्विचनें वीज तोडली असण्याचा संभव आहे. पुष्कळ मिस्त्री येथें स्विचच्या दोन तारा जोडून कॉम्प्रेसर जबरीनें चालवितात. तसें करूं देऊं नये. कॉम्प्रेसरला लागणारें तेल गॅसबरोबरच फिरत असतें; गॅस नाहीं म्हणजे तेल नाहीं, आणि थोड्याच वेळांत तो आंतून खरडला जाऊन सर्व नळ्यांत धातूची भुकटी पसरवितो.

चकती फिरते, गाडी धांवतांना हवा गार येते, पण घाटांत वा नाक्यावर गाडी थांबली कीं गरम होते, असें असेल तर दोष कंडेन्सरचा वा पंख्याचा समजावा. उसाच्या हंगामांत पाचटाचा चुरा व फुफाटा कंडेन्सरच्या पात्यांत घट्ट बसतो. तो साध्या पाण्याच्या धारेनें, शक्य तर मागील बाजूनें धुवावा. सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्यानें पातीं वांकतात. हें काम घरीं होतें व त्यास कांहीं खर्च नाहीं.

यानंतर गेज लावण्याची वेळ येते. गाडी रात्रभर उभी असतां ३० अंश उष्णतेंत आर-१३४ए गॅसचा दाब दोन्ही गेजांत दर चौरस इंचास सुमारें ९७ पौंड असतो. येथें एक फसगत आहे. नळ्यांत थोडासाहि द्रव उरला असेल तोंपर्यंत हा दाब तितकाच दिसतो. म्हणून उभ्या गाडीच्या दाबावरून गॅस पुरेसा आहे असें ठरवूं नये. इंजिन चालवून ३५ अंशांच्या हवेंत खालचा दाब साधारण ३० ते ४५ व वरचा २०० ते २५० असावा. दोन्ही कमी असल्यास गॅस कमी. दोन्ही जास्त असल्यास कंडेन्सर घाण, अगर गॅस अधिक, अगर आंत हवा शिरलेली. खालचा जास्त व वरचा कमी असल्यास बहुधा कॉम्प्रेसरच झिजलेला.

गळती शोधण्यास डोळे पुष्कळ उपयोगीं पडतात. गॅसबरोबर तेल बाहेर येतें व त्यावर धूळ बसते. सांध्यावर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशीं वा दगड लागलेल्या कंडेन्सरवर असा तेलकट काळा डाग दिसला तर तेथें संशय घ्यावा. नंतर मिस्त्रीकडून कोरडा नायट्रोजन भरवून साबणाचें पाणी लावावें. नायट्रोजनऐवजीं वेल्डिंगचा ऑक्सिजन कदापि वापरूं नये, तेलाशीं गांठ पडून स्फोट होतो. आमच्या गाडींत बुडबुडा आला तो गॅस भरण्याच्याच पिनेवर! टायरच्या व्हाल्व्हसारखी ही पिन झिजली होती व तिजवरचें टोपण मागील भरणीच्या वेळीं कोणीं लाविलेंच नव्हतें. म्हणजे ज्या ठिकाणाहून आम्हीं तीन वर्षें गॅस भरवीत होतों, त्याच ठिकाणाहून तो जात होता.

सांधा उघडला कीं ओ-रिंग व ड्रायर नवीन घालावा. ड्रायरमधील ओल शोषणारे दाणे उघड्या हवेंत लौकरच निकामी होतात. मग व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून नळ्यांतील हवा व ओल काढावी, पंप बंद करून कांटा जागीं राहतो कीं नाहीं तें पहावें. बॉनेटखालीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर गॅसचें वजन लिहिलेलें असतें. तितकाच, वजनकांट्यावर मोजून भरवावा. आपला माल बाजारांत कांट्यावर घेतात, मग गॅसच अंदाजानें कां घ्यावा? जुना गॅस मात्र उघड्यावर सोडूं देऊं नये; वातावरण तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रबळ आहे.

फार जुन्या गाडींत आर-१२ गॅस असल्यास, १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें त्याचें उत्पादन आपल्यासारख्या देशांतहि २०१० पासून बंद झालें आहे. त्याच्या खनिज तेलाशीं आर-१३४ए मिसळत नाहीं. म्हणून तेल, ड्रायर व ओ-रिंगा बदलल्याशिवाय नवा गॅस भरूं नये. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरावा असें कोणी सुचविल्यास गाडी तेथून काढावी; कॉइल केबिनींत असते, तेथें गळती होऊन ठिणगी पडली तर चालकाच्या जिवावर बेतेल.

हिंवाळ्यांत यंत्र अगदींच बंद ठेवलें तर कॉम्प्रेसरच्या दांड्याचें सील कोरडें पडून गळूं लागतें. आमचा चालक आतां दर अमावास्येस गाडी धुतल्यावर दहा मिनिटें एसी लावून ठेवतो.