मायक्रोवेव्ह भट्टी बिघडली तर : काय घरी करावे, कशाला हात लावू नये



आमचा विभाग उसाचा. बेणे, लागण, खोडवा, खताचा हप्ता यांवर लिहिणे हे आमचे काम. पण गटात फिरताना आता वस्त्यांवरच्या घरांतही मायक्रोवेव्ह ओव्हन दिसतो, आणि तो बंद पडला की घरचा कर्ता मोटारीच्या स्टार्टरचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे सरसावतो. स्टार्टरची पेटी कधी उघडली नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळाच. ही धिटाई इथे जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. या भट्टीत शेगडीसारखी तापणारी तार नसते. मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी लहरी सोडते, त्या लहरींनी अन्नातल्या पाण्याचे कण हलतात आणि अन्न तापते. ही नळी मूळची दुसऱ्या महायुद्धातील रडारची. अमेरिकेत रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ साली तिच्यावर अन्न तापवून पाहिले. १९४७ सालची पहिली भट्टी पुरुषभर उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. म्हणजे साडेतीन क्विंटलला थोडी कमी !

या नळीला घरची २३० व्होल्टची वीज पुरत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर ती २००० व्होल्टच्या आसपास नेतो, आणि पुढे डायोड व कंडेन्सर मिळून ती ४००० च्या घरात पोचवतात. कंडेन्सर आपल्या ओळखीचा आहे, दोन फेजवर मोटार चालवायला आपण तो लावतोच. त्याचा झटका ज्याने खाल्ला आहे त्याला जास्त सांगायला नको. इथला कंडेन्सर मात्र कितीतरी जास्त व्होल्टचा, आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. भरलेली वीज हळूहळू उतरावी म्हणून त्यात बहुधा एक रोधक बसवलेला असतो. पण तो रोधकच तुटला असेल तर बाहेरून कळायला मार्ग नाही.

“आमच्या घरी ईएलसीबी आहे, काही होत नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. हा भ्रम आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची वीज घरच्या लाइनीपासून वेगळी झालेली असते. तिथे हात लागला तर ईएलसीबीला पत्ताही लागत नाही, तो पडणार नाही. आपला खिशातला टेस्टर साधारण ५०० व्होल्टपर्यंतचा, तोही इथे निकामी आणि धोक्याचा. म्हणून वरचे पत्र्याचे कव्हर घरी काढायचे नाही, मग मोबाईलवर कोणी कितीही सोपे करून दाखवो.

एवढे सोडून घरी करण्याजोगे बरेच आहे.

पदार्थ तापत नाही अशी तक्रार असेल तर प्रथम व्होल्टेज बघा. वस्तीवर संध्याकाळी दाब उतरतो. दिवा लागतो, ताटली फिरते, पण दूध कोमटच राहते. दाब चांगला असेल अशा वेळी परीक्षा घ्या. काचेच्या भांड्यात एक लिटर गार पाणी घ्या, दुधाच्या थर्मामीटरने तापमान मोजा, पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणा, तेवढे वॉट भट्टी देते. ८०० वॉटच्या भट्टीत ११ अंशांच्या आसपास वाढ यायला हवी. भांडेही थोडी उष्णता खाते, म्हणून ९-१० आले तरी चालेल. पाच-सहाच आले तर मात्र यंत्र दुकानात न्यावे. मागच्या पट्टीवर वॉटचे दोन आकडे असतात, त्यातला कमी तो भट्टी देते त्याचा.

आत ठिणग्या उडाल्या की बायामाणसे घाबरतात. पुष्कळदा दोष असतो आतल्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यात. त्यावर फोडणीचे तेल उडते, ते जळून काळे होते आणि ठिणगी पडते. प्लग काढून हा पत्रा आतूनच निघतो. ओल्या फडक्याने भिंत पुसावी आणि जुन्याच्या मापाने नवा अभ्रक कात्रीने कापून बसवावा. आतला रंग उडून पत्रा गंजला असेल तर वापर थांबवून मेकॅनिकला दाखवावे. भोक पडले असेल तर भट्टी मोडीतच काढावी. ताटली अडखळत असेल तर खालची चाकांची कडी धुऊन बघा. रिकामी भट्टी मात्र चालवू नये, नळी खराब होते.

दाराविषयी थोडे जास्त सांगावेसे वाटते. दार उघडताच लहरी थांबाव्यात म्हणून आत सहसा तीन स्विच असतात. पहिले दोन वीज तोडतात. ते अडकले, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणजे दाराची उघडझाप करताना फ्यूज उडाला तर फ्यूजला दोष देऊ नका, त्याने आपले काम केले. आपल्याकडे फ्यूज उडाला की दोन पदरी तार घालायची खोड आहे. इथे तसे करणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवणे. दार वाकले असेल, बिजागरी ढिली असेल किंवा जाळी फाटली असेल तर दुरुस्तीपर्यंत भट्टी बंदच ठेवावी.

अर्थिंगचेही तसेच. या यंत्राचा पत्रा वीजमंडलाचाच एक भाग असतो, म्हणून तिसरी पिन तोडून दोन पिनांवर चालवणे फार वाईट. घराचे अर्थिंग खरोखर जमिनीत पोचले आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. नुसते तीन भोकांचे सॉकेट बघून समाधान मानू नये.

दिवा लागतो, दाब ठीक आहे, पण पाणी मुळीच तापत नाही किंवा घरघर एकदम वाढली, तर बिघाड डायोड, कंडेन्सर, मॅग्नेट्रॉन किंवा दाराच्या स्विचात असणार. भट्टी मेकॅनिककडे नेताना काचेची ताटली व कडी काढून घरी ठेवा, आणि पाण्याच्या परीक्षेचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. बदललेला भाग परत मागा. दारातून लहरी गळतात का हे मीटरने तपासून घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी तिथेच एक लिटर पाणी तापवून दाखवायला सांगा.