स्कॉटलंड पुन्हा मत देणार का? आणि मुळात हे ठरवणार कोण?

ज्यांची लोकलमध्ये रेंज जाते आणि एपिसोड अर्ध्यात अडकतो, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना मी जे 'म्हणजे बघा' आणि 'अ‍ॅक्च्युअली' घालतो, ते बरेच गाळलेत. सगळे नाही.

गोष्ट सुरू होते सप्टेंबर २०१४ ला. मी तेव्हा बारावीत, वय सतरा. पुढच्या महिन्यात १५ ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान होतं. घरातले सगळे बोटाला शाई लावून आले आणि मी क्लासच्या नोट्स घेऊन बसलो, कारण अठरा पूर्ण नव्हते. त्याच्या साधारण महिनाभर आधी, १८ सप्टेंबरला, स्कॉटलंडमधली माझ्या वयाची पोरं, अगदी सोळा वर्षांचीसुद्धा, मतदान केंद्रात जाऊन ठरवत होती की ३०७ वर्षांचा देश एक ठेवायचा की त्याचे दोन करायचे. खरं सांगतो, हे कळलं तेव्हा मला हेवाच वाटला.

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? हो किंवा नाही. ८४.६ टक्के लोकांनी मतदान केलं. 'नाही' ५५.३ टक्के, 'हो' ४४.७ टक्के. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. 'हो'वाल्यांचे नेते स्वतःच म्हणत होते की अशी संधी एका पिढीत एकदाच येते. हे वाक्य त्यांना पुढे फार महाग पडलं, कारण तेव्हापासून लंडनमधून प्रत्येक वेळी हेच परत ऐकवलं जातं.

मग दोनच वर्षांत ब्रेक्झिट झालं.

२३ जून २०१६. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? अख्ख्या युनायटेड किंगडमने ५१.९ टक्क्यांनी 'बाहेर' म्हटलं. पण स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी 'राहायचं' म्हटलं, आणि तिथल्या ३२ च्या ३२ कौन्सिल भागांत 'राहायचं' पुढे होतं. एकही अपवाद नाही. आता २०१४ आठवा. तेव्हा 'नाही'वाल्यांचा एक मोठा मुद्दा काय होता? की स्वतंत्र झालात तर युरोपियन युनियनमधून बाहेर फेकले जाल, आत राहायचं असेल तर आमच्यासोबत राहा. लोक राहिले. आणि सोबत राहिल्यामुळेच बाहेर गेले. एखाद्या पुणेकराला हे सांगितलं तर तो फक्त "वा!" म्हणेल, आणि त्या एका 'वा'मध्ये सगळं येईल.

म्हणून स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, आणि तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन म्हणाल्या की परिस्थितीच बदलली आहे, तर प्रश्न पुन्हा विचारायला हवा. हा त्यांनी आयत्या वेळी काढलेला मुद्दा नव्हता. ब्रेक्झिटच्या मतदानाच्या आधीच, २०१६ च्या जाहीरनाम्यात, स्कॉटलंडला त्याच्या इच्छेविरुद्ध युरोपियन युनियनबाहेर काढलं तर पुन्हा सार्वमत घेण्याचा हक्क हवा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मार्च २०१७ मध्ये स्कॉटिश संसदेने ६९ विरुद्ध ५९ मतांनी ठराव केला. पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या, आत्ता ती वेळ नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी लेखी नकार दिला.

इथे तुम्ही विचाराल, संसदेत बहुमत आहे, जनतेने निवडून दिलंय, मग लंडनला विचारायचंच कशाला? हा एपिसोडचा गाभा आहे, जरा थांबून समजून घेऊ.

तुमचा सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यासमोर आणा. अ‍ॅडमिन आहे वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनची संसद. १९९७ च्या सार्वमतानंतर त्यांनी १९९८ मध्ये स्कॉटलंड अ‍ॅक्ट केला आणि १९९९ पासून एडिनबरात १२९ सदस्यांची संसद सुरू झाली. आरोग्य, शिक्षण, पोलीस, बरंच काही तिच्याकडे दिलं. पण काही सेटिंग्ज अ‍ॅडमिनने स्वतःकडे ठेवल्या. त्यांना 'राखीव विषय' म्हणतात. परराष्ट्र धोरण, संरक्षण, आणि मुख्य म्हणजे स्कॉटलंड आणि इंग्लंडचं एकत्र असणं हासुद्धा राखीव विषय आहे. त्याच कायद्यातलं कलम ३० वापरून अ‍ॅडमिन ठराविक कामापुरता अधिकार देऊ शकतो. २०१४ ला तेच झालं. ऑक्टोबर २०१२ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन आणि अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिनबरात करार केला आणि त्याप्रमाणे एडिनबराच्या संसदेला हे सार्वमत घेण्याचा अधिकार तात्पुरता दिला गेला. कॅमेरॉन यांना वाटत होतं, आपण आरामात जिंकू. शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांचीही झोप उडाली, तो भाग वेगळा.

तर आता कलम ३० मिळत नाही म्हटल्यावर स्टर्जन यांनी जून २०२२ मध्ये थेट तारीख जाहीर केली, १९ ऑक्टोबर २०२३, आणि प्रश्न युकेच्या सुप्रीम कोर्टात पाठवला की परवानगीशिवाय आम्ही सार्वमताचा कायदा करू शकतो का? युक्तिवाद हुशारीचा होता. सार्वमत फक्त सल्ला देणारं आहे, त्याने लगेच कायदा बदलत नाही, मग ते राखीव विषयाशी 'संबंधित' कसं? २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, नाही. असं मतदान म्हणजे नुसता ओपिनियन पोल नसतो, त्याचे राजकीय परिणाम फार मोठे असतात, त्यामुळे तो राखीव विषयच आहे.

मला विचाराल तर कोर्ट बरोबर होतं. ब्रेक्झिटचं मतदानही कागदावर सल्लाच होतं की! पण नंतर कोणा नेत्याची 'आम्ही सल्ला ऐकला, धन्यवाद' म्हणायची हिंमत झाली का?

कोर्टासमोर अजून एक मुद्दा होता, स्वयंनिर्णयाच्या हक्काचा. तो एसएनपीने मांडला होता. कोर्टाने कॅनडातल्या क्वेबेकच्या खटल्याचा दाखला देत म्हटलं की आंतरराष्ट्रीय कायद्यात हा हक्क वेगळं होण्यापर्यंत जातो तो वसाहतींना, लष्करी ताब्यातल्या प्रदेशांना किंवा ज्यांना कारभारात शिरूच दिलं जात नाही अशांना. स्कॉटलंड यात बसत नाही. आपल्याकडे बरेच जण भावनेच्या भरात म्हणतात, "इंग्रजांपासून आम्ही सुटलो तसे तेही सुटू देत." थांबा. १७०७ मध्ये स्कॉटलंडची आणि इंग्लंडची संसद कायदे करून एक झाली. त्याआधी पनामातल्या डॅरिएनला वसाहत करायच्या नादात स्कॉटलंडने प्रचंड पैसा बुडवला होता, आणि इंग्लंडचा व्यापार खुला होणं ही एकत्र येण्यातली मोठी लालूच होती. त्यानंतर स्कॉटिश माणसं साम्राज्य चालवण्यात पुढेच होती. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सनही स्कॉटिश मिशनरी. म्हणजे आपल्या बाजूने पाहिलं तर हे लोक गाडीच्या डिकीत नव्हते, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले होते. त्यांची स्वातंत्र्याची मागणी यामुळे खोटी ठरत नाही. पण ती आपल्यासारखी नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता मला खटकतं ते सांगतो. आयर्लंडच्या उत्तर भागासाठी, तोही युकेचाच भाग, १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर कायद्यात लिहिलंय की तिथलं बहुमत संयुक्त आयर्लंडच्या बाजूने जाईल असं दिसलं, तर मंत्र्याने सार्वमत घ्यावंच लागेल. दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचं अंतर, हेही लिहिलंय. स्कॉटलंडसाठी असं काहीच नाही. हे ऐच्छिक बंधन आहे असं लंडनचे नेते भाषणात म्हणतात, पण सोडून जायचं असेल तर दार कुठे आणि ते कधी उघडेल, हे कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही ऑफिसमध्ये असं अ‍ॅप बनवलं, ज्यात 'सबस्क्रिप्शन रद्द करा'चं बटणच नाही, तर युजर आम्हाला प्ले स्टोअरवर एक स्टार देऊन मोकळे होतील.

बरं, पण एसएनपीलाही सोपे प्रश्न नाहीत, आणि ते सगळ्यात अवघड करून ठेवले ब्रेक्झिटनेच. २०१४ मध्ये स्कॉटलंड स्वतंत्र झाला असता तर दोन्ही देश एकाच युरोपीय बाजारात असतील, असं धरून आखणी चालली होती. सीमेवर कस्टम्सची गरज नाही. आता इंग्लंड बाहेर आहे. स्कॉटलंड स्वतंत्र होऊन युरोपियन युनियनमध्ये गेला, तर इंग्लंडची सीमा ही थेट युरोपियन युनियनची बाहेरची सीमा होईल. आज तिथे रस्त्यावर स्वागताचा बोर्ड दिसतो आणि गाडी पुढे जाते. (सीमेवरचं ग्रेटना ग्रीन हे गाव तर पळून जाऊन लग्न करणाऱ्या इंग्लिश जोडप्यांसाठी प्रसिद्ध. एकत्र आल्यावरही स्कॉटलंडचा कायदा वेगळा राहिला, आणि तिथे आईवडिलांची परवानगी लागत नसे.) माणसांच्या ये-जा करण्याचा प्रश्न आयर्लंडसारखा सुटेल, तिथे पासपोर्टशिवाय फिरण्याची जुनी व्यवस्था आहेच. प्रश्न मालाचा आहे. स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या मालाचा आणि सेवांचा साधारण ६० टक्के भाग युकेच्या इतर भागांत जातो, युरोपियन युनियनमध्ये जातो त्याच्या कितीतरी पट. म्हणजे छोट्या गिऱ्हाइकाकडचा रस्ता मोकळा करायला मोठ्या गिऱ्हाइकाच्या रस्त्यावर नाका बसवायचा. ब्रेक्झिटने स्वातंत्र्याचं कारण भक्कम केलं आणि किंमतही वाढवली.

चलनाचंही तसंच. २०१४ ला सॅमंड म्हणत होते, पौंड दोघांत वाटून वापरू. लंडनच्या तिन्ही मोठ्या पक्षांनी साफ नाही म्हटलं. आता योजना अशी की आधी पौंडच वापरायचा आणि मग सवडीने स्वतःचा स्कॉटिश पौंड आणायचा. 'सवडीने' म्हणजे कधी, यावर पक्षातच वाद. त्यात सरकारी खर्च आणि महसुलातली तूट मोठी, आणि उत्तर समुद्रातलं तेल पूर्वीसारखं हात देत नाही. २०१४ च्या मध्यात तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली गेलं. फसलेनला युकेच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ आहे, त्याचं काय, हा तर वेगळ्या एपिसोडचा विषय.

मग लोकांना काय वाटतं? ब्रेक्झिटनंतर 'हो' एकदम साठ टक्क्यांवर जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. २०२० च्या दुसऱ्या सहामाहीत 'हो' सलग पुढे होतं, पण नंतर परत निम्म्याच्या आसपास, बहुतेकदा थोडं खालीच. यामागचं गणित रंजक आहे. युरोपवर प्रेम असणारे काही 'नाही'वाले 'हो'कडे आले, पण युरोप नको असणारे काही 'हो'वाले 'नाही'कडे गेले. आवक-जावक जवळपास सारखी. वयाचा फरक मात्र स्पष्ट आहे: तरुणांत 'हो' जास्त, ज्येष्ठांत 'नाही' जास्त. म्हणून 'हो'वाले म्हणतात, थांबा, वेळ आमच्या बाजूने आहे. मला हा भरवसा पटत नाही. माणसं म्हातारी होतात तशी घराचं कर्ज आणि पेन्शन बघायला लागतात.

आणि पक्षाचं राजकारणही घसरलं. २०२१ मध्ये एसएनपीला ६४ जागा आणि ग्रीन पक्षाला ८, म्हणजे १२९ पैकी ७२ स्वातंत्र्यवादी. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टर्जन यांनी राजीनामा जाहीर केला, मग हमझा युसफ आले आणि वर्षभरात गेले, मग जॉन स्विनी. जुलै २०२४ च्या ब्रिटनच्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५७ जागांपैकी एसएनपीला फक्त ९ मिळाल्या. आधीच्या खेपेला ४८ होत्या. लेबरचं सरकार आलं आणि सार्वमताबाबत उत्तर तेच राहिलं: नाही.

हा भाग रेकॉर्ड करतोय नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यामुळे पुढची तारीख आहे ७ मे २०२६, स्कॉटिश संसदेची निवडणूक. स्विनी म्हणतात, एसएनपीला एकट्याला ६५ जागा द्या, म्हणजे स्पष्ट बहुमत, मग कलम ३० नाकारता येणार नाही. २०११ ला आम्हाला ६९ मिळाल्या तेव्हा कॅमेरॉन मानले होते. यात एक अडचण आहे. तिथली पद्धत मिश्र आहे, ७३ जागा मतदारसंघाच्या आणि ५६ पक्षांच्या यादीतून, आणि मतदारसंघांत खूप जिंकलात तर यादीत कमी मिळतं. एका पक्षाला बहुमत आजवर एकदाच मिळालंय, त्या २०११ लाच. आणि समजा मिळालं, तरी कायद्याने लंडन 'नाही' म्हणू शकतं. मात्र २०१७ मधल्या स्पेनकडे, कॅटलोनियाकडे बघून एसएनपीने एक गोष्ट ठरवून टाळली आहे: परवानगीशिवाय स्वतःच मतदान घेणं. असं वेगळं झालेल्या देशाला युरोपियन युनियन दारात उभं करणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. निवडून येऊन मागत राहणं, एवढंच हातात उरतं.

जाता जाता, ग्लासगोला नोकरी करणारा माझा एक बीटेकचा मित्र आहे. त्याला मी कॉलवर गंमतीने म्हटलं, "तुझं काय रे, तू तर बाहेरचा." तो म्हणाला, "बाहेरचा कसला? मतदार यादीत नाव आहे माझं." खरंच आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला मत देता येतं. २०१४ च्या सार्वमतातही देता येत होतं, ब्रेक्झिटच्याही. मे महिन्यात तो मत देणार आहे. कोणाला, ते मी विचारलं. सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कोणी एडिनबरा, ग्लासगो किंवा अ‍ॅबर्डीनला असेल, तर तिकडचं वातावरण कसं आहे ते व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात लावतो. चला, भेटू!